मांडीवरून उतरलेले मूल

वैद्यकाच्या इंग्रजी कोशात ग्रीक आणि लॅटिन शब्दांची दाटी असते. रोगाचे नाव एकदा ग्रीकमध्ये सांगितले की तो समजल्याचा भास होतो, आणि निम्मे समाधान तेवढ्यानेच मिळते. त्या दाटीत एक शब्द मात्र अगदी निराळ्या कुळातला येऊन बसला आहे. क्वाशिओरकोर. पश्चिम आफ्रिकेत, ज्या देशाला आज घाना म्हणतात तेथे, अक्रा शहराच्या परिसरात गा नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेतला हा शब्द. पाठीवर दुसरे भावंड आले की आधीच्या मुलाला जडतो तो आजार, असा त्याचा अर्थ. इंग्रजी ग्रंथकार त्याचे भाषांतर ‘पदच्युत मुलाचा आजार’ असे करतात. पण पदच्युत व्हायचे ते राजाने. मूल फार तर आईच्या मांडीवरून उतरते. म्हणून मी माझ्यापुरते त्याला मांडीवरून उतरलेल्या मुलाचा आजार म्हणते.

सणासुदीच्या अंकात, चकल्या-अनारशांच्या शेजारी, हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यावर माझे म्हणणे इतकेच की ह्या चार दिवसांत घरातली लहान मुले जितकी आपल्या डोळ्यांसमोर असतात तितकी एरवी नसतात. शिवाय ‘कुपोषण’ हा शब्द आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो आणि तो दूर डोंगरातल्या कुणाचा तरी आहे असे समजून पान उलटतो. ह्या शब्दाचा गेल्या शंभर वर्षांतला इतिहास मी वाचू लागले तेव्हा मला वाटले होते की ती दुष्काळांची आणि रिकाम्या कणग्यांची हकीकत असेल. तशी ती आहेही. पण त्याहून अधिक ती एका विशिष्ट वयाची हकीकत आहे. उष्टावणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे दीड वर्ष, आणि त्या दीड वर्षात मुलाच्या तोंडी कोणी, काय, किती वेळा घातले, ह्याची.

सिसिली विल्यम्स ही बाई १८९३ साली जमेकात जन्मली, ऑक्सफर्डला शिकली, आणि १९२९ साली ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय खात्यातून गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, डॉक्टर म्हणून गेली. अक्रामध्ये मुलांसाठी प्रिन्सेस मेरी लुईझ ह्या नावाचे रुग्णालय होते. तेथे तिच्यापुढे जी मुले येत त्यांत एक तऱ्हा वेगळी होती. वय साधारण एक ते चार. हातपाय सुजलेले, पोट पुढे आलेले, काळे केस तांबूस आणि विरळ झालेले, अंगावरची कातडी जुन्या भिंतीच्या रंगासारखी पोपडे धरून सुटलेली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्वभाव. ते मूल हसत नसे, खेळत नसे, भूकही मागत नसे. कुणी जवळ गेले की कण्हत असे. उपासमारीने वाळलेले मूल डॉक्टरांना ठाऊक होते. हे मूल वाळलेले दिसत नव्हते, उलट सुजेमुळे गुबगुबीत भासे. आणि मरत मात्र झपाट्याने होते.

दुसरा एखादा डॉक्टर असता तर त्याने रक्त तपासले असते आणि लंडनला लिहिले असते. विल्यम्सबाईंनी तेही केले, पण त्याआधी त्यांनी मुलांना घेऊन येणाऱ्या बायकांशी बोलायला सुरुवात केली. ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात? बायकांनी सांगितले, क्वाशिओरकोर. म्हणजे काय? म्हणजे, धाकटे आले ना, त्याचे हे. वैद्यकाच्या इतिहासात इतका साधा प्रश्न विचारून इतके मोठे उत्तर मिळाल्याची उदाहरणे थोडी असतील. आई पुन्हा गरोदर राहते, अंगावरचे मूल तोडते, आणि मग त्याला मिळते ती मक्याची पेज आणि केन्के, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा. दूध नाही, मासळी नाही, डाळ नाही. १९३३ साली बाईंनी लंडनच्या बालरोगांच्या एका मासिकात लेख लिहिला तेव्हा शीर्षकातच मक्याच्या आहाराशी ह्या रोगाचा संबंध जोडला, आणि प्रथिनांच्या उणिवेची शक्यताही नोंदवली. १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये दुसरा लेख आला, त्यात गा भाषेतले ते नाव प्रथमच वैद्यकाच्या जगासमोर ठेवले गेले.

त्यावर विद्वानांची पहिली प्रतिक्रिया काय व्हावी? ह्यू स्टॅनस नावाचे एक वजनदार तज्ज्ञ होते. त्यांनी ठरवून टाकले की हा काही नवा रोग नव्हे, हा पेलाग्राच. पेलाग्रा म्हणजे मका खाणाऱ्यांना एका जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा त्वचेचा आणि मेंदूचा विकार. बाई रोग्यांपाशी बसलेल्या, पण बोलबाला साहेबांचा, असे काही वर्षे चालले. १९३६ साली बाईंची बदली मलायात झाली. तेथे त्यांना उलटा प्रकार दिसला: आईच्या अंगावर दूध असताना तान्ह्या मुलांना डब्यातले गोड आटवलेले दूध पाजण्याचा प्रचार जोरात होता, आणि ती मुले हगवणीने दगावत होती. १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केले, त्याचे नाव ‘दूध आणि खून’. शीर्षकावरून भाषणाचा सूर कळतोच. पुढे जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि बाई चांगीच्या तुरुंगात पडल्या. त्या काळात तेथे वीस मुले जन्मली, विसांनाही आईने अंगावर पाजले आणि वीसही जगली, असे त्या पुढे सांगत. तुरुंगात डबे मिळत नव्हते हे त्या मुलांचे भाग्य! १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेत माता-बालकांचा विभाग निघाला तेव्हा त्याच्या पहिल्या प्रमुख ह्याच बाई झाल्या. १९९२ साली, नव्वदी कधीच उलटलेली असताना, त्या गेल्या.

आता आपल्याकडे वळते. ‘लॅन्सेट’मधल्या त्या लेखानंतर तीनच वर्षांनी, १९३८ साली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ‘काश्यपसंहिता’ नावाचा ग्रंथ बाहेर पडला. नेपाळात त्याची एक खंडित पोथी सापडली होती. तेथील राजगुरू हेमराज शर्मा ह्यांची विस्तृत प्रस्तावना तिला आहे. हा ग्रंथ मुख्यतः लेकुरवाळ्या स्त्रिया आणि मुले ह्यांच्यासंबंधीचा. त्यात फक्क नावाच्या रोगाचे एक प्रकरण आहे. वर्ष उलटले तरी जे मूल पावले टाकत नाही ते फक्क. त्याच्या मांड्या, दंड आणि कुल्ले सुकलेले असतात. पोट, डोके आणि तोंड मोठे दिसते. आणि ह्या रोगाचे प्रकार किती? तीन. क्षीरज, म्हणजे दुधाच्या दोषाने झालेला. गर्भज, म्हणजे आईला पुन्हा दिवस गेल्यामुळे झालेला. व्याधिज, म्हणजे ज्वर वगैरे रोगांनी झिजून झालेला.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला कसल्याही पूर्वजांची टिमकी वाजवायची नाही. पोथीतले औषध आज कोणी द्यावे असेही मी म्हणणार नाही. पण गर्भज फक्क आणि क्वाशिओरकोर ही नावे शेजारी ठेवून पाहा. अक्राच्या बायका आणि आपले वैद्य ह्यांची गाठ पडण्याचा संभव नव्हता, आणि दोघांनीही मुलाच्या दुखण्याचे मूळ मुलात शोधले नाही, आईच्या पोटात शोधले. माधवनिदानातही ‘पारिगर्भिक’ हा विकार आहेच: गर्भवती आईचे दूध पिणाऱ्या मुलाला खोकला, अग्निमांद्य, ओकारी, गुंगी, अरुची आणि कृशता येते, पोट वाढते. आईचे दूध गरोदरपणात बिघडते हा त्यांचा समज आज कोणी मानत नाही. दूध विषारी होत नसते, ते कमी होते, आणि ते तोडल्यावर त्याच्या जागी जे यायला हवे ते येत नाही. पण पाहणे अचूक होते. आपल्या भाषेतही पाहा, मुलाचे दूध आपण ‘सोडवीत’ नाही, ‘तोडतो’. फळ झाडावरून तोडावे तसे.

काश्यपाने फक्कासाठी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती जाता जाता सांगते. मुलाला धरून चालता यावे म्हणून लाकडाची तीन चाकांची गाडी. आपल्या वाड्यांतून सुतार करून देत ती पांगुळगाड्याची जात. आजाऱ्यासाठी निघालेली वस्तू खेळणे होऊन राहिली.

युद्धानंतर मात्र चित्र पालटले. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना ह्यांच्यासाठी ब्रॉक आणि ओत्रे ह्या दोघांनी आफ्रिकेतल्या क्वाशिओरकोरवर अहवाल लिहिला आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या रोगाकडे गेले. निदान ठरले: प्रथिनांची उणीव. एकदा उणिवेला नाव मिळाले की पुरवठ्याचा उद्योग सुरू होतो. १९५५ साली प्रथिनांसाठी एक स्वतंत्र सल्लागार मंडळ निघाले. ग्वाटेमालात मका आणि सरकीच्या पिठाचे ‘इन्कापरीना’ झाले, म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत भुईमुगाच्या पेंडेचे पीठ आणि हरभरा ह्यांचे मिश्रण तयार झाले, कोणी मासळीचे पीठ केले, तर कोणी खनिज तेलावर यीस्ट वाढवून त्यातून प्रथिने काढण्याचे मनोराज्य रचले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाचे शीर्षकच जगावर येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाविषयी होते. मला त्या काळच्या शास्त्रज्ञांची टिंगल करायची नाही. मरणारे मूल समोर होते आणि त्याला दुधाची भुकटी दिली की ते सावरत होते. पण अक्राच्या बायकांच्या शब्दात एक आई होती, एक धाकटे भावंड होते, तोडलेले दूध होते. नव्या निदानात उरला फक्त एक पदार्थ.

ह्या गर्दीत दोन माणसांनी खोडा घातला, आणि त्यातला एक आपला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव. पुण्याच्या फर्ग्युसनमधून ते लंडनला जाऊन संख्याशास्त्रात निष्णात झाले आणि १९५१ पासून वीस वर्षे रोममध्ये अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. डॉक्टर नव्हते, हे येथे महत्त्वाचे. त्यांनी औषध शोधले नाही, बेरीज तपासली. भारतातल्या माणसांच्या जेवणाचे आकडे मांडून त्यांनी दाखवले की आपल्या भाकरी-डाळीच्या जेवणात प्रथिनांचे प्रमाण पुरेसे असते; ज्याला प्रथिने कमी पडतात त्याला बहुतेक वेळा मुळात जेवणच कमी पडलेले असते. म्हणजे असे की, घरातले सरपण संपले तर माणूस पाट आणि चौरंग चुलीत घालतो. शरीराचेही तसेच. पोटभर उष्मांक मिळाले नाहीत तर ते प्रथिने जाळून ऊब राखते, आणि मग तुम्ही वरून कितीही प्रथिनांची भुकटी ओता, ती चुलीतच जाते.

दुसरे डॉ. सी. गोपालन. कुन्नूरची पोषण-संशोधनाची प्रयोगशाळा १९५८ च्या सुमारास हैदराबादला आली; गोपालन तिचे आधारस्तंभ. त्यांनी खेड्यातल्या मुलांना महिनोन् महिने पाहिले, आणि १९६८ साली सांगितले की सुजलेले मूल आणि वाळलेले मूल एकाच वस्तीत, एकाच तऱ्हेच्या अन्नावर वाढते. दोघांचा आहार वेगळा नसतो. शरीर कसे तोंड देते तेवढे वेगळे. आणि त्या आहारात पहिली उणीव प्रथिनांची नसून उष्मांकांची असते. १९७३ साली जागतिक तज्ज्ञांनी प्रथिनांची गरज पूर्वीपेक्षा कमी ठरवली, आणि त्या कागदावरच्या एका दुरुस्तीने प्रथिनांची ‘दरी’ बरीचशी बुजली! पुढच्याच वर्षी डोनाल्ड मॅक्लॅरेन ह्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ह्या साऱ्या खटाटोपाला फजिती म्हटले. पीठ आणि भुकट्यांत जो काळ आणि पैसा गेला त्यात मुले मेली, असे त्यांचे म्हणणे. शब्द कडवट आहे, पण मला तो अन्यायाचा वाटत नाही.

पुढे ह्या दोघांचे आपसांत मात्र जमले नाही. माणसाचे शरीर कमी-अधिक अन्नाशी जुळवून घेते, म्हणून उपाशी माणसांची संख्या फुगवून सांगितली जाते, असे सुखात्मे पुण्यास परतल्यावर मांडू लागले. त्याच सुमारास परदेशात ‘लहानखुरी पण निरोगी’ अशी भाषा निघाली. ठेंगणी मुले म्हणजे आजारी मुले नव्हेत, असा तिचा रोख. गोपालन संतापले. ठेंगणेपणाशी जुळवून घेणे म्हणजे दारिद्र्याशी जुळवून घेणे, हा त्यांच्या टीकेचा आशय. हा वाद आकड्यांचा आहे आणि माझा त्यात अधिकार नाही. परंतु पहिल्या वादात सुखात्म्यांनी जगाला शहाणे केले हे जितके खरे, तितकेच दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत गोपालन ह्यांची धास्ती खरी ठरली. त्या वयात गमावलेली उंची पुढे फारशी भरून येत नाही, असे आज सर्वत्र मानले जाते.

असो. उष्मांक कमी पडतात म्हटले, तर पुढचा प्रश्न असा की ते का कमी पडतात? घरात ज्वारी नाही म्हणून? कित्येक घरांत असते. येथे स्वयंपाकघरात जावे लागते.

वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे पोट केवढे? एका वेळी त्यात पाव लिटरच्या आसपास मावते. त्याला दिवसाला सुमारे ९०० उष्मांक लागतात. आता आपली पेज घ्या. पाण्यात शिजलेले पीठ फुगते, दाट होते, मुलाला गिळता येत नाही, म्हणून आई आणखी पाणी घालते. अशा पातळ पेजेच्या पाव लिटरमध्ये शंभराच्या आसपास उष्मांक. म्हणजे केवळ पेजेवर दिवस काढायचा तर नऊ वेळा भरवायला हवे. आईच्या अंगावर दूध असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार ते उचलते, पण ‘तोडलेल्या’ मुलाला तेही नाही. मोठी माणसे दोन वेळा जेवतात, म्हणून मूलही दोन वेळा, फार तर तीन वेळा जेवते. त्याचे पोट भरते. ते रडत नाही. आणि ते उपाशी असते. भरल्या पोटाची उपासमार ती हीच, आणि ती मोजल्यावाचून दिसत नाही.

आपल्याकडे ‘वरणाचे वरचे पाणी’ हा प्रकार आहे. मुलाला जड होईल म्हणून डाळ खाली ठेवून वरचे पिवळे पाणी भाताबरोबर द्यायचे. माझ्या आजोळी हे शास्त्र समजले जाई. खाली बसलेली डाळ मोठ्यांच्या ताटात जाई. चहात बुडवलेले बिस्किट हा ह्याचाच शहरी अवतार. पण त्याच स्वयंपाकघरात दुसरेही शास्त्र होते आणि ते खरे होते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करायचे. मोड आलेल्या धान्यात एक पाचक द्रव्य तयार होते. त्याचे चमचाभर पीठ दाट लापशीत घातले की ती पाणी न घालता पातळ होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत दुप्पट पीठ मावते. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात हीच गोष्ट प्रयोग करून मांडली. वर तूप किंवा तेल एक चमचा घातले की चाळीसएक उष्मांक वाढतात. मेतकूट-भातावर तुपाची धार धरणारी आजी हे सगळे न शिकता करीत होती. मात्र तिच्या घरात तूप होते, आणि भरवायला तिला वेळ होता.

काश्यपाचा तिसरा प्रकार, व्याधिज. पंजाबात लुधियानाजवळच्या खन्ना परिसरातल्या खेड्यांत १९५० नंतर एक दीर्घ पाहणी झाली. जॉन गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली तिच्या आधारे एका हगवणीचे वर्णन केले: वरचे अन्न सुरू होते त्या महिन्यांत मुलाला पुन्हा पुन्हा होणारी. उष्ट्या वाटीतून, शिळ्या पेजेतून, विहिरीच्या पाण्यातून जंतू जातात. मूल हगते, खाणे टाकते, आई म्हणते पोटाला विसावा द्यावा, आणि जे थोडे मिळत होते तेही बंद होते. मग अशक्त मुलाला गोवर गाठतो. १९६८ साली स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन ह्यांनी ह्या दुष्टचक्रावर मोठा ग्रंथ लिहिला. ह्यातले कार्ल टेलर मसुरीच्या परिसरात जन्मलेले; पुढे पंजाबातल्या नारंगवालमध्ये त्यांनी दाखवून दिले की आजाराचा इलाज आणि पोषण एकाच दारात मिळाले तर मुले वाचतात. १९७१ साली बांगला देशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकी आवरली, तेव्हापासून हगवणीने मरणारी मुले पुष्कळ कमी झाली. पण मरण टळले म्हणजे वाढ झाली असे नाही. नुसते संडास आणि हात धुणे ह्यांनी मुलांची उंची वाढेल ही आशाही बांगला देश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या अलीकडच्या मोठ्या प्रयोगांत फळली नाही.

आणि सुजेचे कोडे तर अजून पुरते उलगडलेलेच नाही. २०१३ साली मलावीतल्या जुळ्या मुलांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले. एक घर, एक आई, एकच अन्न. जुळ्यांपैकी एक सुजतो आणि दुसरा सुजत नाही. आतड्यातल्या जंतूंची वस्ती दोघांची वेगळी निघाली. नव्वद वर्षांपूर्वी ज्या शब्दापाशी विल्यम्सबाई थबकल्या त्याच्याच भोवती विद्वान अजून फिरत आहेत.

मुलापासून मागे जाऊ लागले की आई लागते. १९९६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि दोन सहकाऱ्यांनी ‘आशियाचे कोडे’ ह्या नावाचा लेख लिहिला. आफ्रिकेत दारिद्र्य अधिक, दुष्काळ अधिक, तरी आपल्या उपखंडातली मुले त्यांच्याहून हडकुळी कशी? त्यांचे उत्तर असे की आपल्याकडची मुले जन्मतःच लहान असतात, कारण त्यांच्या आया स्वतः अशक्त, आणि त्या अशक्त असतात कारण घरात त्यांची पायरी शेवटची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची जी पाहणी केली, तिच्यात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.६५ किलो भरले. त्या पाहणीतला एक बारकावा माझ्या मनात घर करून आहे. बाई किती उष्मांक खाते ह्यापेक्षा ती पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा खाते ह्याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध अधिक दिसला. आणि शेतात, विहिरीवर, धुण्यावर जिचे कष्ट अधिक तिचे बाळ हलके. आमच्या बायका सगळ्यांची पाने उठल्यावर कढईतला रस्सा भाकरीला लावून खातात. त्यात भाजी असते असे नाही.

‘पाळणा लांबवा’ असे सरकारने भिंतीभिंतीवर लिहिले तेव्हा लोकसंख्येचा हिशेब डोळ्यांसमोर होता. मांडीवरच्या मुलाला आणखी वर्षभर मांडी मिळावी, हा त्या दोन शब्दांचा अर्थ भिंतीवर कोणी लिहिला नाही.

महाराष्ट्रात ह्या मुलांच्या जवळ पहिल्यांदा जी माणसे गेली ती डॉक्टर नव्हती, शिक्षिका होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. मुलांना आधी आंघोळ, मग खाऊ, मग गाणे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकासाची योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांचे नाव अंगणवाडी पडले. तरीही १९९२ साली कोसबाडहून फार लांब नसलेल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले गेली, आणि १९९३ साली मेळघाटची. त्यानंतर समित्या झाल्या, न्यायालयात याचिका झाल्या, २००५ साली राजमाता जिजाऊंच्या नावाने मिशन निघाले. अभय आणि राणी बंग ह्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतल्या साध्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवले आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

पण वजनकाटा आपले सांगतोच आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने वाळलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची भरली. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीतले आकडे जवळजवळ हेच होते. त्याच पाहणीत देशभरातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा तऱ्हांचा आहार मिळणारी मुले निघाली अवघी ११.३ टक्के; आणि सुखवस्तू घरांतही हा आकडा फारसा वर जात नाही. म्हणजे मेळघाटचे पान उलटून आपली सुटका नाही. ज्या घरात चिवड्याचे डबे भरलेले आहेत तेथेही दीड वर्षाच्या मुलाची वाटी वेगळी काढलेली असतेच असे नाही. ते सगळ्यांच्या ताटातले थोडे थोडे चाखते, आणि त्याने किती खाल्ले हे कोणालाच ठाऊक नसते.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा शिधा मिळतो. तो एका मुलाच्या नावावर येतो, पण चूल घराची असते, आणि त्याच्या लापशीचे चार वाटे होतात. ते होऊ देऊ नका असे चार मुलांच्या आईला सांगणाऱ्याला ती काय उत्तर देणार? शिवाय मूल भरवायला माणूस लागतो. पाव लिटरचे पोट असलेले मूल अर्धा तास समोर बसून, गोष्टी सांगून, काऊचा घास चिऊचा घास करीत भरवावे लागते, तेही दिवसातून पाच-सहा वेळा. आई भाताच्या आवणीला गेलेली असते, ऊसतोडीला गेलेली असते. तेव्हा घरी जी कोणी सात-आठ वर्षांची ताई असते, तीच वाटी हातात घेऊन बसते. मूल दोन घास खाते, तोंड फिरवते, आणि राहिलेले ती खाऊन टाकते, कारण भूक तिलाही लागलेली असते.